मदत निघाली, पोचली का?

लातूरहून बार्शीकडे निघालं की मुरूड लागतं आणि मग ढोकी. बाहेरच्यांना हे गाव तेरणा साखर कारखान्यामुळे माहीत, भाविकांना शेजारच्या तेरच्या गोरोबाकाकांमुळे. मला ते तिसऱ्याच कारणासाठी महत्त्वाचं वाटतं. संकटात सापडलेल्या माणसापर्यंत पाणी, धान्य, औषध, डोक्यावरचं छप्पर वेळेत कसं पोचवायचं, याचं एक आख्खं शास्त्र गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जगभर उभं राहिलंय. त्यावर हयात घालवणारे प्राध्यापक आहेत, पीएच.डी. करणारी मुलं आहेत, स्वतंत्र संशोधन नियतकालिकं आहेत. आणि त्या शास्त्रातले बरेचसे मोठे धडे ढोकीच्या शंभर-सव्वाशे किलोमीटरांच्या आत प्रत्यक्ष घडून गेलेत. काही अभ्यासकांच्या नजरेस पडले, काही अजून तसेच पडून आहेत. त्यातले हे काही मासले.

रूळ टाकणारा पॅराशूटवाला

ढोकीला रेल्वे आणली ती बार्शी लाइट रेल्वे कंपनीनं. १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी असा पहिला टप्पा सुरू झाला, पुढे फाटा वाढत वाढत १९११ मध्ये लातूरला टेकला. रुळांमधलं अंतर अवघं अडीच फूट. या गाडीचा शिल्पकार एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनिअर. त्याचं डोकं मोठं हिशेबी होतं. इंजिन असो की वाघीण, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये, हा त्याचा नियम. सगळ्या आसांवर भार सारखा, म्हणजे रूळ हलके चालतात, पूल स्वस्तात होतात, आणि ज्या मुलुखाला मोठी रेल्वे परवडत नाही तिथेही गाडी पोचते. कमी पैशात शेवटच्या गावापर्यंत माल न्यायचा, हा आजच्या मदत-पुरवठ्याच्या अभ्यासातला सगळ्यात अवघड प्रश्न. कॅलथ्रॉपनं तो आपल्या कापूस-गळिताच्या मुलुखासाठी सव्वाशे वर्षांपूर्वी सोडवायला घेतला होता.

खरी गंमत पुढे आहे. १९१० मध्ये त्याचा मित्र चार्ल्स रोल्स (रोल्स-रॉइसमधला रोल्स) विमान कोसळून गेला. त्या धक्क्यानं कॅलथ्रॉप वैमानिकांचा जीव वाचवण्याच्या मागे लागला आणि त्यानं पॅराशूट बनवलं. नाव ठेवलं ‘गार्डियन एंजल’. पहिल्या महायुद्धात शत्रूच्या हद्दीत हेर उतरवायला ते वापरलं गेलं. वैमानिकांना मात्र ब्रिटिश अधिकाऱ्यांनी ते सरसकट दिलंच नाही, त्यासाठी तो भांडत राहिला. शिवाय हा गृहस्थ अरबी घोड्यांचा शौकीन, घोड्यांवर त्यानं पुस्तकही लिहिलं. बार्शी लाइनचा माणूस आणि पॅराशूटचा माणूस एकच, हे आपल्याकडच्या शाळांत सांगायला हवं.

तगरचं कापड, भडोचचं बंदर

तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात त्याचा उल्लेख आहे: पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं शहर. तिथलं सुती कापड गाड्यांत भरून, मोठाल्या बिनरस्त्याच्या प्रदेशातून भडोचच्या बंदराला जाई. भडोच ते पैठण वीस दिवस, पुढे तगर दहा दिवस. म्हणजे महिन्याभराची वाट, आणि ती वाट पक्की माहीत असलेली माणसं. रस्ता नसताना माल चालवणं ही या पट्ट्याची दोन हजार वर्षांची विद्या आहे.

किल्ली कुणाकडे?

दामाजीपंतांची गोष्ट मराठी घरात कुणाला ठाऊक नाही? पंधराव्या शतकातला दुष्काळ, मंगळवेढ्याचं सरकारी कोठार, बेदरच्या बादशहाची परवानगी न घेता दामाजीपंतांनी ते लोकांसाठी उघडलं, आणि विठू महाराच्या रूपात विठ्ठलानं बेदरला जाऊन रक्कम चुकती केली. भक्तीच्या अंगानं आपण ही आख्यायिका ऐकतो. अभ्यासकाच्या नजरेनं पाहिलं तर तिच्यात दोन पक्के मुद्दे आहेत. एक, धान्य संकटाच्या आधीपासून संकटाच्या जागी होतं. दोन, ते सोडण्याचा अधिकार मात्र दूर बेदरला होता.

आजही नेमकं इथेच अडतं. पहिल्या मुद्द्यावर जगानं बरीच मजल मारली आहे. इटलीत ब्रिंडिसीला आणि दुबईत संयुक्त राष्ट्रांची मदत-गोदामं तंबू, ब्लँकेटं, औषधांनी भरून तयार असतात. रेड क्रॉसनंही सगळं जिनिव्हातून हलवणं सोडलं आणि दुबई, क्वालालंपूर, पनामा अशी विभागीय ठाणी उभारली. दुसरा मुद्दा, म्हणजे जागेवरच्या माणसाला कुलूप उघडण्याचा अधिकार, अजून जिथे-तिथे भांडूनच मिळवावा लागतो.

कारखान्यांचे प्राध्यापक आपत्तीकडे वळले

या शास्त्रातलं सगळ्यात गाजलेलं नाव ल्यूक व्हॅन वॅसेनहोव्ह यांचं. बेल्जियमचे इंजिनिअर, पॅरिसजवळच्या फोंतेनब्लो इथल्या इनसीड या व्यवस्थापन संस्थेत प्रदीर्घ काळ प्राध्यापक. कारकिर्दीचा मोठा भाग कारखान्यांच्या अभ्यासात गेला: उत्पादनाचं नियोजन, वापरून परत आलेल्या वस्तूंची पुनर्निर्मिती, साठ्याचं गणित. मग ते रेड क्रॉस आणि जागतिक अन्न कार्यक्रमासारख्या संस्थांच्या गोदामांत शिरले आणि त्यांच्या लक्षात आलं की मोटारी बनवणाऱ्या कंपन्यांनी पन्नास वर्षांत जे शिकून घेतलं, ते जीव वाचवणाऱ्या संस्थांपर्यंत पोचलेलंच नाही.

२००६ साली छापून आलेल्या त्यांच्या लेखातलं एक वाक्य या क्षेत्रातल्या प्रत्येकाला पाठ असतं: मदतकार्यातलं सुमारे ८० टक्के काम हे मालाची ने-आण आणि त्याची व्यवस्था असतं. देणगीदाराला हे पटत नाही. त्याला आपला पैसा थेट भाकरीत जायला हवा असतो, ट्रकच्या डिझेलात आणि गोदामाच्या भाड्यात गेलेला आवडत नाही. पण भाकरी चालत जात नाही.

त्यांच्या चमूचा एक लाडका विषय म्हणजे मदतसंस्थांच्या पांढऱ्या जीपगाड्या. अशा संस्थांत पगारानंतरचा सगळ्यात मोठा खर्च वाहनांचा असतो असं मानलं जातं. कोणती गाडी किती चालवावी, कधी विकावी, डोंगराळ देशात कोणती पाठवावी, यावर प्राध्यापक मंडळींनी वर्षानुवर्षं काम केलंय. आपल्याकडे एस.टी.च्या डेपो मॅनेजरला हा विषय लगेच जवळचा वाटेल.

आणि या चमूनं केलेला एक गाजलेला अभ्यास आपल्या शेजारचा आहे: २६ जानेवारी २००१ चा गुजरातचा भूकंप. रेड क्रॉसच्या पुरवठा विभागानं ३० दिवसांत २ लाख ५५ हजार ब्लँकेटं, ३४ हजार तंबू आणि १ लाख २० हजार प्लॅस्टिकचे कागद सुमारे ३ लाख लोकांसाठी पोचते केले. हे सगळं कसं जमलं, यावरची ही केस आज जगभरच्या व्यवस्थापनाच्या वर्गांत शिकवली जाते. कच्छ-भुजचा धडा पॅरिसजवळ गिरवला जातो. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपाचा तसा गिरवला जात नाही, याची मला खरंच खंत वाटते, कारण किल्लारीत शिकण्यासारखं तेवढंच होतं.

बहात्तरचं गणित

किल्लारीआधी बहात्तर. मराठवाड्यात ‘बहात्तर’ म्हटलं की साल सांगावं लागत नाही. खडी फोडणारे हात, पाझर तलावांची आणि नालाबंडिंगची कामं, कामावर मिळणारी सुकडी, रेशनवरचा लाल मिलो. आमच्या भागातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी मिलोची चव अजून आहे, आणि ती चांगली नाही.

१९७० ते ७३ अशी सलग वर्षं पाऊस रुसला. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख मजूर होते. इतकं पीक बुडूनही बंगालच्या १९४३ सारखे भूकबळींचे ढीग पडले नाहीत. का? अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांनी या प्रश्नाचा पिच्छा पुरवला आणि अमर्त्य सेन यांच्याबरोबरच्या १९८९ च्या ‘हंगर अँड पब्लिक अॅक्शन’ या पुस्तकात महाराष्ट्राचं हे उदाहरण जगापुढे ठेवलं. त्यांचं उत्तर थोडक्यात असं: सरकारनं लोकांच्या हातात मजुरी दिली. हातात पैसा आला म्हणून बाजारात मागणी टिकली, आणि मागणी होती म्हणून धान्य येत राहिलं. रेशनवरून आलं, तसंच परराज्यातून धान्य आणायला व्यापाऱ्यांना मनाई असतानाही आलं. सरकारला प्रत्येक पोतं स्वतः वाहून न्यावं लागलं नाही.

आता त्या काळची ढोकी लाइन डोळ्यांपुढे आणा. कुर्डुवाडीला मोठ्या रुळांवरची मालगाडी येई. पुढे अडीच फुटी लाइन. म्हणजे ज्याला लातूरकडे जायचं ते प्रत्येक पोतं मोठ्या वाघिणीतून उतरवून छोट्या वाघिणीत चढवायचं. हमालाच्या पाठीवरून. रुळांची रुंदी बदलली की सगळी गाडी थांबते आणि माणसाची पाठ कामाला लागते. अशी प्रत्येक चढ-उतार म्हणजे वेळ, फाटलेली पोती आणि सांडलेलं धान्य. अभ्यासक या जागांना साखळीचे अडथळे म्हणतात आणि नकाशावर लाल टिंबं देतात. कुर्डुवाडीच्या हमालांनी अशा टिंबावर पिढ्या काढल्या.

आज जगभरच्या मदतसंस्था वस्तूंऐवजी थेट पैसे देण्याकडे वळतायत आणि हा फार नवा विचार म्हणून मांडला जातो. महाराष्ट्रानं तो खडीच्या ढिगाऱ्यावर बसून सिद्ध केला होता. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना, १९७७ चा कायदा आणि पुढे २००५ चा देशव्यापी कायदा, ही सगळी त्याच मुशीतली. देशव्यापी कायद्यात एक बारीक कलम घातलं होतं: काम गावापासून ५ किलोमीटरांच्या आत द्या, लांब दिलंत तर १० टक्के जास्त मजुरी. उपाशी माणसाला किती चालवायचं याचंही माप लागतं, हे ज्यानं लिहिलं त्याला पुरवठ्याचं मर्म कळलं होतं.

चारा गुरांकडे, की गुरं चाऱ्याकडे?

चारा ही विचित्र वस्तू आहे. वजनाला हलकी, पण जागा खाते. ट्रक भरलेला दिसतो आणि पोटं मात्र थोडीच भरतात. म्हणून दुष्काळात महाराष्ट्रानं उलटं उत्तर काढलं. चारा गावोगाव वाहण्यापेक्षा गुरंच एका जागी आणायची, ती छावणी. २०१२-१३ च्या दुष्काळात मोठ्या जनावराला दिवसाला १५ किलो आणि लहान जनावराला साडेसात किलो हिरवा चारा असं प्रमाण होतं. पाचशे मोठ्या जनावरांची छावणी धरा: रोज साडेसात टन चारा, रोज. आणि पाणी वेगळं. कारखान्याच्या पट्ट्यात उसाचं वाढं असतं, प्रसंगी आख्खा ऊसच चारा होतो. गुरांमागे धनीही छावणीत राहायला येतो, त्याच्या भाकरीची आणि औषधाची सोय मग तिथेच लागते. जगातल्या निर्वासितांच्या छावण्यांवर ग्रंथ लिहिले गेले. गुरांच्या छावणीवर मोठा अभ्यास करायचा तर आपल्या मुलुखाइतकी माहिती कुठे मिळायची?

पहाटे ३.५६

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती विसर्जन करून दमून झोपलेली गावं. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ६.२ तीव्रतेचा भूकंप. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं दगड-मातीच्या जाड भिंतींखाली गेली. सुमारे आठ हजार माणसं. या आकड्याशी थबकल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

मदतीचा ओघ महाराष्ट्रानं कधी पाहिला नव्हता एवढा होता. आणि त्याच ओघानं रस्ते कोंडले. १९५७ मध्ये फ्रिट्झ आणि मॅथ्यूसन या दोन अमेरिकी अभ्यासकांनी आपत्तीच्या जागी धाव घेणाऱ्या गर्दीची पाच माणसांत वाटणी केली होती: घराकडे परतणारे, नातेवाइकांच्या काळजीनं आलेले, मदतीला आलेले, नुसते बघे, आणि गैरफायदा घेणारे. पाचही जण एकाच अरुंद रस्त्यावर येतात. रुग्णवाहिकेला वाट देताना हवालदाराला कोण कुठला ते कसं कळायचं?

माणसांसारखीच वस्तूंचीही गर्दी होते. डिसेंबर १९८८ च्या आर्मेनियातल्या भूकंपानंतर जगभरातून किमान ५ हजार टन औषधं आणि वैद्यकीय साहित्य आलं. ते नुसतं निवडायला पन्नास माणसं सहा महिने खपली, आणि लगेच वापरता येण्याजोगं निघालं जेमतेम ३० टक्के. बाकीच्यात मुदत संपलेली, लेबलं न वाचता येणारी, बिनउपयोगाची. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत शिकवणारे प्राध्यापक होसे होल्गिन-व्हेरास यांनी अशा मदतीचे तीन ढीग सांगितलेत: तातडीची, नंतर लागणारी, आणि नकोशी. नकोसा ढीग निरुपद्रवी नसतो. तो गोदाम अडवतो, हमाल अडवतो, ट्रक अडवतो, आणि तातडीचा ढीग त्याच्या खाली दबतो. जुन्या कपड्यांची बोचकी भावनेनं पाठवणाऱ्या प्रत्येक मंडळानं हे एकदा वाचावं, असं मला कळकळीनं वाटतं.

किल्लारीतून निघालेली सगळ्यात सुंदर गोष्ट मात्र पहिल्या आठवड्यातली नाही. जागतिक बँकेच्या साहाय्यानं १९९४ मध्ये मोठा पुनर्वसन प्रकल्प सुरू झाला. ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. त्याखेरीज सुमारे दोन लाख घरं जागच्या जागी दुरुस्त आणि मजबूत करायची होती, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातल्या तेराशेच्या आसपास गावांत. प्रत्येक घराला सिमेंट, लोखंड, पत्रा आणि ते कसं वापरायचं याची माहिती. माल पोचवता येतो. माहिती पोचवणं त्याहून अवघड. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं त्यासाठी गावातल्याच बायकांना पुढे केलं. त्यांना ‘संवाद सहायक’ म्हणत. या बायांनी घरोघर जाऊन सांगितलं की भिंतीच्या कोपऱ्यात पट्टी का घालायची, लांब दगड आडवा का बसवायचा, मिस्त्रीकडून काय करून घ्यायचं. सरकारी कागद आणि गावातला ओटा यांच्यामधलं शेवटचं अंतर त्या चालल्या. पुढे गुजरातच्या भूकंपानंतर इथल्या बायका तिकडच्या बायकांना आपला अनुभव सांगायला गेल्या. मदत-पुरवठ्याच्या पुस्तकांत ‘शेवटचा मैल’ हे प्रकरण असतंच. त्यात ट्रक, खेचरं, होड्या आणि हल्ली ड्रोनही असतात. त्या प्रकरणात लोहारा-उमरग्याच्या या बायकांना मानाची जागा हवी.

वॉफल उघडं आहे का?

जरा अमेरिकेत डोकावू. तिथे वॉफल हाउस नावाची चोवीस तास चालणारी हॉटेलांची साखळी आहे. वादळानंतर कोणत्या गावाला किती फटका बसला हे ओळखायला तिथल्या आपत्ती यंत्रणेचे तेव्हाचे प्रमुख क्रेग फ्युगेट त्या हॉटेलांकडे बघत. सगळे पदार्थ मिळतायत, तर हिरवा रंग. मोजकेच मिळतायत, तर पिवळा. दार बंद, तर लाल, म्हणजे गाव खरंच संकटात आहे. यामागचं तर्कशास्त्र पक्कं आहे: हॉटेल चालू असायला वीज, पाणी, गॅस, माल आणि कामावर येऊ शकणारी माणसं, सगळंच लागतं. ढोकीच्या चौकातला चहाचा गाडा यापेक्षा कमी सांगत नाही.

पन्नास वाघिणींची गाडी

आता २०१६. मांजरा धरण कोरडं, लातूर शहराच्या तोंडचं पाणी पळालेलं. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी गर्दी आणि भांडणं नकोत म्हणून जमावबंदी लावावी लागली. आणि मग मिरजेहून पाण्याची रेल्वे सोडायचं ठरलं. लोकांनी तिला ‘जलदूत’ म्हटलं.

टाकीच्या वाघिणी राजस्थानातल्या कोटा वर्कशॉपमधून आल्या, वाफेनं आतून धुऊन. एका वाघिणीत ५० हजार लिटर. ११ एप्रिलला पहिली गाडी मिरजेहून निघाली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, धाराशिव, ढोकी, मुरूड करत सुमारे ३४२ किलोमीटर चालून १२ तारखेच्या पहाटे लातूरला पोचली. नऊ फेऱ्या दहा वाघिणींच्या झाल्या, नंतर पन्नास वाघिणींचा पूर्ण रेक लागला. ऑगस्टपर्यंत एकंदर १११ फेऱ्या आणि २५ कोटी ९५ लाख लिटर पाणी.

हे आकडे थोडे उलगडून बघू. पन्नास वाघिणींतलं पाणी २५ लाख लिटर, म्हणजे अडीच हजार टन. दहा हजार लिटरच्या टँकरनं तेच न्यायचं तर २५० टँकर लागतील, २५० ड्रायव्हर, आणि रस्त्यावर त्यांची कैक किलोमीटर लांब रांग. रेल्वेची एक गाडी पुरली.

आता दुसरी बाजू. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या ३ लाख ८० हजारांच्या घरात होती. पहिल्या गाडीचं पाणी सगळ्यांना सारखं वाटलं असतं तर माणशी सव्वा लिटरच्या आसपास. पूर्ण रेक आला तेव्हा माणशी साडेसहा लिटर. ‘स्फिअर’ नावाची आंतरराष्ट्रीय मापं आहेत, १९९७ पासून मदतसंस्थांनी मिळून घडवलेली. त्यांत पिणं, स्वयंपाक आणि स्वच्छता धरून माणशी किमान १५ लिटर सांगितलंय. शिवाय नळ घरापासून ५०० मीटरांच्या आत आणि रांगेत अर्ध्या तासापेक्षा जास्त उभं राहायला लागू नये. म्हणजे एवढी मोठी गाडी, सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिलेली, दिवसाच्या किमान गरजेच्या निम्म्यालाही पुरी पडत नव्हती. बाकीचं टँकर आणि बोअरवर भागवावं लागलं. गाडीचं मोल यानं कमी होत नाही. गरज केवढी होती ते कळतं.

आणि हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: ही गाडी २००५ साली धावूच शकली नसती. तेव्हा ढोकीवरून जाणारे रूळ अडीच फुटीच होते. लातूर-उस्मानाबाद मार्ग २००७ मध्ये रुंद झाला, कुर्डुवाडीपर्यंतचा २००८ मध्ये, आणि पंढरपूर-मिरज हा शेवटचा तुकडा २०१० च्या सुमारास. प्रवासी गाड्यांसाठी, साखरेसाठी, सोयाबीनसाठी लोकांनी वर्षानुवर्षं मागितलेला रुंद मार्ग. त्या मागणीत पाण्याच्या गाडीचा विचार कुणाच्या मनात नसणार. पण तहान लागल्यावर रूळ टाकता येत नाहीत. संशोधक ज्याला पूर्वतयारी म्हणतात, तिचा मोठा भाग असा बिनसंकटाच्या दिवसांत, दुसऱ्याच कारणासाठी तयार होतो.

असा प्रयोग आधीही झाला होता. १९८६ मध्ये गुजरातेत राजकोटला रेल्वेनं पाणी नेलं होतं. लातूरनंतर २०१९ च्या जुलैत चेन्नईला जोलारपेट्टैहून पाण्याच्या गाड्या गेल्या, त्याही पन्नास वाघिणींच्या.

पहिला हंडा, दहावा हंडा

होल्गिन-व्हेरास यांची आणखी एक कल्पना इथे लागू पडते. पूर्वी मदतीचे नकाशे आखताना गणितात वाहतुकीचा खर्च कमीत कमी ठेवायचा एवढंच ध्येय असे. त्यांनी २०१३ च्या शोधनिबंधात वंचिततेची किंमत गणितात घेतली. म्हणजे पाण्यावाचून माणसाचे जसे तास जातात, तसा त्याचा त्रास सरळ रेषेत वाढत नाही, झपाट्यानं चढत जातो. म्हणून जिथे कालपासून घागर भरलेली नाही तिथे पहिला हंडा नेण्यासाठी डिझेल जास्त जळालं तरी ते योग्य. जवळच्या वस्तीला दहावा हंडा देणं स्वस्त पडतं, पण चुकीचं. दुर्गम तांड्यावर टँकर आधी पाठवा म्हणून तहसीलमध्ये भांडणाऱ्या सरपंचाला ही गोष्ट कळायला गणित लागलं नाही. पण गणितात बसल्यावर तोच मुद्दा अर्ज न राहता निकष होतो, आणि निकष नाकारायला कारण लेखी द्यावं लागतं.

या अभ्यासात शिरायचं तर

धाराशिव जिल्ह्यातल्या मुलांना त्यासाठी फार लांब जायची गरज नाही. टाटा समाजविज्ञान संस्थेचं ग्रामीण केंद्र तुळजापूरला आहे. १९३६ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेचे विद्यार्थी आणि शिक्षक फाळणीनंतर कुरुक्षेत्रच्या निर्वासित छावणीत कामाला गेले होते. आपत्तीच्या जागी जाऊन शिकायचं ही तिची जुनी रीत. तिच्या मुंबईच्या आवारात आपत्ती व्यवस्थापनाचं स्वतंत्र केंद्र आहे, आणि पुण्यात यशदा या सरकारी प्रशिक्षण संस्थेतही. गणिताची आवड असेल तर ऑपरेशन्स रिसर्च, माणसांत रमत असाल तर समाजकार्य, दोन्ही वाटा इथे येऊन मिळतात. व्हॅन वॅसेनहोव्ह गणिताच्या वाटेनं आले, संवाद सहायक बाया माणसांच्या वाटेनं.

विषयांचाही तोटा नाही. मिरजेत भरलेल्या आणि लातूरच्या घरात पोचलेल्या पाण्यात फरक किती पडला? स्टेशनजवळच्या विहिरीत उतरवताना, शुद्धीकरण केंद्रात नेताना, टँकरमधून वॉर्डात सोडताना, कुठे किती तास गेले? छावणीतला चारा किती किलोमीटरांवरून आला आणि कोणत्या अंतरापुढे तो आणणं तोट्याचं ठरलं? टँकरच्या फेऱ्यांच्या वह्या, ज्यांत फेरी आल्याची सही गावातल्या माणसांनी केलेली असते, त्या कार्यालयांच्या कपाटांत आहेत. त्या आधी मागाव्यात, कारण जुनं दप्तर निकालात काढताना पहिला नंबर त्यांचाच लागतो.